शेजवळ सिस्टरांवरचा एकतर्फी निकाल

फोन आला तेव्हा शेजवळ सिस्टर एका बाळाला लस टोचत होत्या. दवाखान्यातला फोन मीच उचलला. पलीकडे त्यांच्या शेजारच्या सखुबाई होत्या आणि अक्षरशः ओरडत होत्या.

"सिस्टरला लगेच घरी पाठव! पोलीस आलेत. सामान बाहेर काढून राहिलेत!"

"कोणाचं सामान?"

"अगं, त्यांचंच!"

दिवाळीला थोडे दिवस होते. साल अठ्ठ्याण्णव. मी त्या दवाखान्यात नवीन होते, सिस्टर माझ्याहून वीस वर्षांनी मोठ्या. निरोप सांगितला तर त्यांनी माझ्याकडे रागानं पाहिलं. सखुबाईंचं काहीतरी ऐकण्यात चुकलं असणार, असं त्यांना वाटलं. बाळाच्या दंडावर कापूस दाबून धरायला आईला सांगितलं, हात धुतले, मग पर्स घेतली. मी रिक्षा थांबवली आणि त्यांच्याबरोबर बसले. इंदिरानगरला पोहोचेपर्यंत त्या एवढंच म्हणाल्या, "गॅस गळला असेल. फायर ब्रिगेडला लोक पोलीसच म्हणतात."

विमलाबाई सहादू शेजवळ हे त्यांचं पूर्ण नाव. माहेर घोटीजवळचं. वडील भाताच्या गिरणीत हमाल होते. गावच्या बौद्ध वस्तीतली मॅट्रिक झालेली ही पहिली मुलगी; पुढे नर्सिंगचा कोर्स केला आणि नाशकात नोकरी धरली. यजमान सहादूभाऊ एसटीत कंडक्टर. गाडीला अपघात होऊन त्यांच्या पाठीचा मणका दुखावला, तेव्हापासून ते घरीच असत. स्वयंपाक तेच करायचे आणि आमच्यासाठी कधी कधी डब्यात एक भाकरी जास्त टाकायचे. मूलबाळ नव्हतं. इंदिरानगरात चहूकडे मोकळं रान होतं तेव्हा, शहाऐंशी साली, सिस्टरांनी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याकडून प्लॉट विकत घेतला, स्वतःच्या नावावर. खरेदीखत रजिस्टर केलं आणि त्यावर दोन खोल्या अन् स्वयंपाकघर बांधलं. बारा वर्षं त्या घरात राहत होत्या.

आम्ही गल्लीत शिरलो तर त्यांचं कपाट रस्त्यावर उभं होतं. शेजारी गाद्यांची वळकटी, पिठाचा डबा, शिलाईचं मशीन. सखुबाईंनी बाबासाहेबांची तसबीर छातीशी धरली होती आणि कोणी हात लावू नये म्हणून भिंतीला टेकून उभ्या होत्या. दारात दोन हवालदार, एक कुलूपवाला आणि हातात कागद घेतलेला एक उतारवयाचा माणूस. तो कोर्टाचा बेलिफ. जरा बाजूला पांढऱ्या शर्टातला धनराज उभा होता. ज्या म्हाताऱ्याकडून सिस्टरांनी जागा घेतली त्याचा हा मुलगा. बाप वारल्याला दोन वर्षं झाली होती.

सिस्टर सरळ बेलिफासमोर गेल्या. "हे काय चाललंय?"

"तुम्ही विमलाबाई शेजवळ?" बेलिफ अदबीनं म्हणाला. "कोर्टाचा हुकूम आहे बाई. जागेचा ताबा वादीला द्यायचा."

"कोणता वादी? कसला हुकूम?"

"यांनी तुमच्यावर दावा लावला होता. त्याचा निकाल झाला."

"माझ्यावर केस चालू आहे आणि मलाच माहीत नाही?"

"चालू नाही बाई. संपली. मागच्या डिसेंबरातच."

सिस्टर हसल्या. खरंच हसल्या. मला ते हसू अजून आठवतं, कारण त्याच्या मागोमाग त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "अहो, कोर्टाच्या केशी वीस-वीस वर्षं चालतात. माझ्या घराची केस मला न विचारता संपली कशी? मला बोलावलं कोणी? नोटीस कोणी दिली?"

"समन्स मीच आणलं होतं," बेलिफ म्हणाला. "याच दारात. तुम्ही तेव्हा दवाखान्यात मुंबईला होतात, दोन-तीन महिने येणार नाही असं कळलं. घरातल्या मोठ्या माणसाला दिलं तरी चालतं. यांनी घेतलं, सही केली." आणि त्यानं सहादूभाऊंकडे हात केला.

सहादूभाऊ गाद्यांच्या वळकटीला दोरी बांधत होते. बांधलेली गाठ सोडून पुन्हा बांधत होते.

"खरं का हो?" सिस्टरांनी विचारलं.

"हां," ते म्हणाले. मान वर केली नाही.

एवढंच. कुलूपवाल्यानं जुनं कुलूप तोडून नवीन लावलं, बेलिफानं पंचांच्या सह्या घेतल्या, धनराजनं किल्ली खिशात घातली आणि मोटारसायकलला किक मारली. सिस्टर आपल्याच घरासमोर, आपल्याच खुर्चीवर, भर रस्त्यात बसून राहिल्या. मी पाणी दिलं तर पेला हातातच धरून ठेवला. लोक आपापल्या गच्चीवरून बघत होते. त्यांतल्या निम्म्या घरांतल्या पोरांना लस सिस्टरांनीच टोचलेली होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही वकील शोधला. नवनाथ गायधनी त्यांचं नाव. कोर्टासमोरच्या जुन्या इमारतीत एक खोली, खोलीत पंखा आणि भिंतभर फायली. सिस्टरांनी पिशवीतून खरेदीखत काढून त्यांच्या टेबलावर आपटलंच. "हे बघा. रजिस्टर आहे. आजच्या आज कोर्टाला दाखवा."

गायधनींनी ते चाळलं आणि बाजूला ठेवलं. "खरेदीखत चोख आहे. पण आज ते कोणी बघणार नाही."

"का नाही?"

"कारण निकाल झालाय. धनराजनं कोर्टाला सांगितलं, जागा माझ्या वडिलांची, सरकारी उताऱ्यावर नाव अजून त्यांचंच, या बाईंना नुसतं राहायला दिलं होतं. तुम्ही जागा घेतली पण उताऱ्यावर नाव लावून घेतलं नाहीत. समोरून खोडून काढायला कोणीच आलं नाही. कोर्टानं त्याचं एकट्याचं ऐकलं आणि एकतर्फी हुकूमनामा दिला."

"पण मी तेव्हा ऑपरेशनच्या टेबलावर होते हो!"

"तेच सांगायचंय आपल्याला. फक्त तेवढंच." गायधनी पुढे झुकले. "बाई, घर माझं आहे हे आत्ता म्हणायचंच नाही. आत्ता एकच मागायचं, की माझं ऐकून घ्या. न ऐकता झालेला निकाल रद्द करा आणि दावा पहिल्यापासून चालवा. पण त्यात दोन अडचणी आहेत. असा अर्ज तीस दिवसांत करायचा असतो. समन्स तुमच्या यजमानांनी घेतलं म्हणजे कायद्यानं तुम्हीच घेतलं. त्यामुळे ते तीस दिवस निकालापासून मोजणार, म्हणजे केव्हाच उलटून गेले. आधी तो उशीर माफ करून घ्यायचा. मग तारखेला का आला नाहीत याचं पटेल असं कारण द्यायचं. आणि दोन्हींसाठी साक्षीदार एकच आहे."

सिस्टरांनी मागे वळून पाहिलं. सहादूभाऊ खोलीबाहेर जिन्यात उभे होते. आत या, असं त्यांना कोणी म्हटलं नव्हतं.

"ताबा घ्यायला येताना तरी मला कळवायचं ना कोणी," सिस्टर हळूच म्हणाल्या.

"निकालाला दोन वर्षं झाली नसली तर वेगळी नोटीस लागत नाही."

परतताना रिक्षात त्या म्हणाल्या, "सविता, आपण पेशंटला सुई टोचतानासुद्धा सांगतो गं, आता टोचते म्हणून."

उपनगरला एक भाड्याची खोली घेतली. सिस्टर कामावर यायच्या, काम चोख करायच्या; पण मधूनच हातातली सिरिंज तशीच धरून थांबायच्या. घरी नवऱ्याशी बोलणं बंद. ताट वाढलं की जेवायच्या, तोंडातून शब्द काढायच्या नाहीत. समन्स का लपवलं, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. मी एकदा म्हटलं, विचारा तरी. तर म्हणाल्या, "विचारायचं काय? घेतलं आणि दडवलं. झाला निकाल."

गायधनींनी अर्ज टाकला आणि तो निकाली निघेपर्यंत जागा विकायची नाही, पाडायची नाही, कोणाला द्यायची नाही, जैसे थे ठेवायची, असा हुकूमही मिळवला. तो मिळेपर्यंत धनराजनं स्वयंपाकघराचा ओटा फोडून मधली भिंत काढलेली होती. त्याला तिथं लासलगावच्या कांद्यासाठी गोण्या ठेवायला जागा हवी होती. हे कळलं तेव्हा सिस्टर बाकावरच बसल्या. गायधनी म्हणाले, "फुटलेल्याचं नंतर बघू. आता पुढचं तरी फुटणार नाही."

आणि मग तारखा सुरू झाल्या. एकतर्फी निकाल काही महिन्यांत झाला होता. तो उलटवायला मात्र साक्षीपर्यंत पोचायलाच दोन हजार साल उजाडलं.

साक्षीच्या दिवशी मी रजा टाकून गेले. सहादूभाऊ पिंजऱ्यात उभे राहिले, शपथ घेतली. गायधनींनी विचारलं ते सगळं त्यांनी नीट सांगितलं. बायको मुंबईला ऑपरेशनला होती, नंतर शेक घ्यायला कल्याणला बहिणीकडे राहिली, समन्स मी घेतलं, तिला सांगितलं नाही, ती परत आल्यावरही सांगितलं नाही. मग धनराजचे वकील उठले.

"समन्सवर तारीख होती. ती तुम्हाला माहीत होती?"

"होती."

"त्या तारखेला तुम्ही कुठे होतात?"

गायधनींनी लिहिता लिहिता मान वर केली. हा प्रश्न त्यांनीही कधी विचारला नव्हता, हे त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं.

"हितंच होतो," सहादूभाऊ म्हणाले.

"हितं म्हणजे? नाशिकला?"

"हितं. कोर्टात. ह्याच खोलीत. त्या मागच्या बाकावर."

माझ्या शेजारी सिस्टरांनी माझं मनगट धरलं आणि इतकं दाबलं की बांगडी रुतली.

"तुमच्या पत्नीच्या नावाचा पुकारा झाला, तो ऐकलात?"

"ऐकला. शिपायानं तीनदा नाव घेतलं."

"मग उभे का राहिला नाहीत?"

"मला वाटलं, कोणी उठलं का केस सुरू होती. नाय उठलं तर तारीख पडती. आमच्या डेपोत सगळे म्हणायचे, कोर्टात नुसती तारीख पडत राहती. माणूस मरून जातं, केस चालूच राहती." पाठ दुखते तेव्हा ते कमरेवर हात ठेवायचे, तसा ठेवला.

वकिलांनी जजसाहेबांकडे वळून विचारलं, "म्हणजे नवरा कोर्टात हजर आणि बायकोला केसचा पत्ता नाही, हे कोर्टानं खरं मानायचं?"

सहादूभाऊंनीच उत्तर दिलं. "तिला माहीत असतं तर ती उठली असती."

जजसाहेबांनी ते वाक्य जसंच्या तसं उतरवून घ्यायला सांगितलं.

बाहेर व्हरांड्यात सिस्टर नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या. या दोन वर्षांत मी तरी त्यांच्या तोंडून "अहो"शिवाय काही ऐकलं नव्हतं. "माझं नाव पुकारलं," त्या म्हणाल्या, "आणि तू बसून राहिलास?" सगळा व्हरांडा बघत होता. सहादूभाऊ भिंत धरून एकेक पायरी उतरत गेले.

मी गायधनींना म्हटलं, गेलं आता सगळं. ते म्हणाले, "गेलं की आलं ते सांगता येत नाही. पण खोटं बोलणारा माणूस एवढं वाईट स्वतःविषयी बोलत नाही."

पुढच्या महिन्यात हुकूम झाला. उशीर माफ. नवऱ्यानं मौन पाळलं म्हणून आजारी बायकोचं घर जाऊ शकत नाही, तिचं म्हणणं कोर्टानं ऐकलेलंच नाही, सबब एकतर्फी हुकूमनामा रद्द आणि दावा पूर्ववत फाइलवर. सिस्टरांनी तो दोनदा वाचला आणि गायधनींकडे हात पुढे केला. "किल्ली?"

त्यांना वाटलं होतं, निकाल रद्द म्हणजे घर परत. गायधनींनी समजावलं, की रद्द झालेल्या हुकुमाच्या जोरावर जे काढून घेतलं ते परत द्यायलाच लागतं, कोर्टाच्या हातून कोणाचं नुकसान झालं तर भरून देणंही कोर्टाचंच काम. पण ते मागावं लागतं, वेगळ्या अर्जानं. सिस्टरांनी हुकमाचा कागद पुन्हा उघडला. "माझंच घर, चुकून गेलं असं कोर्टच म्हणतं, तरी मागायचं?"

"मागायचं," गायधनी म्हणाले. "न मागता कोर्ट काहीच देत नाही. धनराजला दिलं तेसुद्धा त्यानं मागितलं म्हणून."

दोन हजार एकच्या उन्हाळ्यात पुन्हा बेलिफ आला, या वेळी धनराजचं कुलूप तोडायला. आत गोण्यांचे ढीग होते. ते बाहेर काढल्यावर जे दिसलं त्यानं सिस्टर उंबऱ्यातच थबकल्या. ओटा नव्हता, मधली भिंत नव्हती, फरशीवर कांद्याचा रस वाळून काळा झाला होता. वास असा की डोळ्यांतून पाणी यावं. त्या दिवशी कोण कशानं रडलं ते सांगता आलं नसतं.

पुढचं मला सिस्टरांनी नंतर सांगितलं. दुपारी दोघंच फरशी घासत होते. पाठीमुळे सहादूभाऊंना वाकता येत नव्हतं, म्हणून ते बसून, सरकत सरकत घासत होते. मधेच ब्रश खाली ठेवून म्हणाले, "कोर्टानं तुझं ऐकलं. माझं ऐकती का?"

त्या म्हणाल्या, "बोला."

"मुंबईच्या डॉक्टरनी मला बाजूला घेतलं होतं. कॅन्सर हाय म्हणाले. पसरला असंल तर वरीस, नायतर दीड. कोणाला बोलू नका, पेशंट खचतं. घरी आलो तर दारात समन्स. म्हटलं, केस काय, वीस वर्षं चालंल. तोवर तू..." त्यांनी ब्रश पुन्हा उचलला. "तू तुझ्या घरात नीट जावी, एवढंच होतं डोक्यात. मला काय म्हाईत, आपलीच केस धावत सुटंल."

सिस्टर मला म्हणाल्या, "सविता, मला माहीत होतं गं. मी नर्स आहे, माझे रिपोर्ट मी वाचणार नाही? मला पहिल्या दिवसापासून कॅन्सर माहीत होता. मी यांना सांगितलं होतं, साधी गाठ आहे, काढली की झालं. पाठीच्या दुखण्यानं आधीच खचलेला माणूस, अजून कशाला घाबरवायचा? आणि हे चार वर्षं ते पोटात घेऊन माझ्यासाठी भाकऱ्या थापत होते. मी यांना एकदाही विचारलं नाही. कोर्टानं निदान समन्स तरी पाठवलं होतं."

तो कॅन्सर पसरलेला नव्हता. दर सहा महिन्यांनी त्या तपासून यायच्या, आता बरोबर सहादूभाऊही जायचे.

दावा पुन्हा पहिल्यापासून चालला. सिस्टरांनी कैफियत, म्हणजे आपलं लेखी म्हणणं, दिली आणि खरेदीखत हजर केलं. उलटतपासणीत गायधनींनी धनराजला त्याच्या वडिलांची सही दाखवली. तो म्हणाला, "सही आबांचीच आहे." आणि पुढे जे बोलला त्यानं आम्हाला पुन्हा धक्का बसला. "आबांनी आम्हाला कधी सांगितलंच नाही, जागा विकली म्हणून. उताऱ्यावर नाव दिसलं, म्हणून दावा लावला." खरं की खोटं, कोण जाणे. मला तरी ते खरं वाटलं.

दोन हजार चारच्या पावसाळ्यात दावा फेटाळला गेला. त्या दिवशी सहादूभाऊ कोर्टात आले होते, पण खोलीत यायला तयार नव्हते. समोरच्या टपरीवर बसून राहिले. सिस्टर बाहेर आल्या, त्यांच्या शेजारी बसल्या.

"झालं," त्या म्हणाल्या. "दावा फेटाळला. घर आपलं."

"म्हंजे आता कोणी यायचं नाय?"

"तो अपील करू शकतो."

"मग?"

"मग समन्स येईल. आलं की माझ्या हातात द्यायचं."

सहादूभाऊंनी मान हलवली. हसावं की नाही ते त्यांना कळेना. शेवटी सिस्टरच हसल्या, तेव्हा तेही हसले आणि खांद्यावरच्या टॉवेलानं डोळे पुसले.

धनराजनं अपील केलं नाही. पुढच्याच आठवड्यात सिस्टरांनी अर्ज देऊन उताऱ्यावर नाव लावून घेतलं. नवीन ओटाही घातला, पहिल्यापेक्षा बुटका, कारण सहादूभाऊंना आता खुर्चीवर बसूनच स्वयंपाक करायला लागायचा. ते दोन हजार सातला गेले, झोपेत, त्याच घरात. सिस्टर त्यानंतर वर्षभरानं निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी आमच्या नव्या डॉक्टरांनी त्यांना आयुष्यातला सर्वांत मोठा धक्का कोणता, असं काहीतरी विचारलं. सगळ्यांना वाटलं, कॅन्सर म्हणतील, नाहीतर घर गेलं तो दिवस.

सिस्टर म्हणाल्या, "माझा माणूस भर कोर्टात म्हणाला, तिला माहीत असतं तर ती उठली असती. मी अशी आहे हे त्यांना ठाऊक होतं, हेच मला ठाऊक नव्हतं." मग त्यांनी पर्स उचलली आणि लसीच्या फ्रिजचं तापमान आज कोणी बघितलं का, म्हणून आम्हालाच विचारलं.